नातीच्या शाळेचा ठराव

आये, तुला एक विचारायचं होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशिवाय विचारण्यासारखं आता माझ्या वरचं कोणी उरलं नाही. गावकीनं ठराव आणलाय. कोळीवाड्यातल्या प्रत्येक घरानं पोर आपल्याच म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत घालायचं, आणि जो इंग्लिश मिडियमला घालील त्या घराला नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत मान नाही. रविवारी देवळासमोर हात वर करून ठरायचंय. सगळ्या शाळांत मराठी शिकवायचीच असा सरकारचा कायदा आहे, पण पंच म्हणतात, त्यानं काय होतंय, दिवसातून एक तास मराठी आणि बाकी सगळं इंग्लिश. आपली शाळा पोरांविना बंद पडली की कोळीवाडा संपला समजा. आता गंमत ऐक. ही गोष्ट पंचांच्या डोक्यात घातली कोणी? तुझ्या लेकीनं. मासळी सोसायटीच्या बायकांपुढे टेबलावर हात आपटून मीच बोलले होते, की प्रत्येक जण आपापलं बघायला लागला तर शाळा कशी राहील. टाळ्या पण मिळाल्या. आणि परवा सून हसत हसत घरात आली, म्हणाली, "मम्मी, आपल्या छोकरीला वांद्र्याच्या इंग्लिश शाळेत सीट मिळाली." मी तिला पेढा भरवला की नाही तेसुद्धा मला आता आठवत नाही.

तू मला शाळेत घातलंस तो दिवस मात्र लख्ख दिसतो. तू बाजारातून तशीच आलेली, लुगडं वर खोचलेलं, रिकामी टोपली तू वर्गाबाहेर भिंतीला टेकवतेस आणि मला पुढे ढकलतेस. बाई मला मागच्या बाकावर बसवतात. फळा दिसत नाही म्हणून मी उठून सांगते, घरात सांगते तसं, "बाय, मना नाय दिसत गो." घाटावरची, मालवणकडची पोरं खी खी हसतात. बाई म्हणतात, "असलं बोलणं इथे चालणार नाही. शुद्ध बोलायचं." बाई दुष्ट नव्हत्या गं, पुढे मला त्यांनी जीव लावला. पण शाळा मराठीच होती ना? जिच्यासाठी आज मी टेबलं बडवतेय तीच. मला वाटलं, आता माझी आये बाईंना धुऊन काढणार. बाजारात कोणाचा अर्धा शब्द तू ऐकून घेतला नाहीस. तर तू दारातूनच मला डोळे वटारलेस आणि म्हणालीस, "बाय सांगते तशी बोल. आपला बोलना घरान." आणि महिन्याभरानं मी शुद्ध मराठीत प्रार्थना म्हणून दाखवली, तेव्हा शेजारणींना हाका मारून ऐकवलीस. तुला नक्की काय हवं होतं, आये? मी साठीला आले तरी मला ते कळलेलं नाही.

पंचांचं बोलणं मला पटतं, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, पावसाळ्यात आपण होड्या वर ओढतो, दर्याला हात लावत नाही, कशासाठी? मासा अंडी घालतो म्हणून. पोटाला चिमटा बसतो, तरी बंदी पाळतोच ना? मग भाषेलाही तेवढी सवलत द्या. मला लगेच तू आठवलीस. बंदीत कोणी चोरून आणलेली बारकी पापलेटं तू टोपलीत घ्यायची नाहीस, वर आणणाऱ्याची चार लोकांत आईबहीण काढायचीस. मी हे सगळं घरी येऊन सुनेला सांगितलं. ती वेसाव्याची आहे, आपल्यातलीच, पण जीभ तुझ्यासारखी. भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मम्मी, बंदी सगळ्या होड्यांना असते. समोरच्या टॉवरमधली पोरं येणार आहेत का आपल्या शाळेत? नाय ना? मग आमच्याच पोरीनं का मागे राहायचं? मी मराठीत शिकले. ऑफिसात साहेबासमोर तोंड उघडताना माझी काय वाट लागते ते मला विचारा." तीही खरं बोलते, पंचही खरं बोलतात. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

पण खरी ठेच पुढेच लागली. सून म्हणाली, "आणि भाषा भाषा म्हणता ती कोणती? पुस्तकातली? ती तर माझ्या आईलाही धड येत नाय. आपली जी आहे, ती घरात छोकरीशी बोलतं कोण? तुम्ही पण नाय बोलत." मी अशी भडकले म्हणून सांगू. म्हटलं, माझ्या तोंडात दुसरं काय असतं दिवसभर? मग दोन दिवस मी स्वतःचं तोंड ऐकलं. मुलाशी आपलं बोलते, शेजारणींशी आपलं, मांजरालासुद्धा आपल्याच भाषेत हाकलते. आणि नात समोर आली की, "बाळा, हात धुतलेस का? दूध संपव बघू." असं कधी ठरवलं नव्हतं मी. तोंड आपोआप वळतं. मला कोणी डोळे वटारले नाहीत, कोणता ठराव झाला नाही, कोणी शाळेत हसलं नाही. मग हे कोणी केलं?

आज सकाळी मी ओट्यापाशी खाली बसून कोलंबी सोलत होते. नात दारात बाहुलीचे केस विंचरत होती. मी ठरवूनच हाक मारली, "इकरं ये गो बाय, तुना एक गंमत सांगाची हाय." तिनं वळून मागे बघितलं, दाराबाहेर, कोणी आलंय का म्हणून. मग मला विचारलं, "आजी, तू कोणाशी बोलतेस?"

मी म्हटलं, "कोणाशी नाही, बाळा."

रविवारी हात वर करू की खाली ठेवू, मला माहीत नाही. हे कागद कुठे धाडायचे नाहीत. आधी आपल्या भाषेत लिहायला बसले होते, दोन ओळींत अडले, कारण तिला कधी कागदावर बघितलेलंच नाही. आणि एक सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. छोकरीनं ते विचारलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की पोरगी किती शुद्ध बोलते.