ताईने सांगितलेलं पेडल

९ मार्च

पेडल मेलं! ऐन गाण्याच्या मध्यात. पाय दाबला, लाल दिवा लागला, आणि गिटार आपली टुणटुण टुणटुण — शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजते तशी. इतकी वर्षं तो लोखंडी डबा पायाखाली होता. दाबला की तारांचा गुळगुळीत आवाज फाटायचा, गुरगुरायचा, अंगावर यायचा. पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली होती, 'अगं, आत काहीतरी तुटलंय, परत करून ये.' आई, तुटायला हवा म्हणूनच तर घेतला होता!

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. मी डब्याचं झाकण उघडायच्या आत ताई म्हणाली, 'जाऊ दे बारके, नवीन घे. काळं घे, मोठं. मी बघून ठेवलंय.'

बघून ठेवलंय? ताईने? बँड सुरू झाल्यापासून जी 'तुझं करवतकाम जरा कमी कर, माझे शब्द कुणाला कळत नाहीत' म्हणत आली, तिने माझ्यासाठी पेडल बघून ठेवलं? तेही पेडल मरायच्या आधीच?

मी दिवसभर विमा कंपनीत धडकलेल्या गाड्यांचे दावे तपासते. अपघात व्हायच्या आधीच गाडी ओढून न्यायला माणूस सांगून ठेवणारे मला वासावरून कळतात.

१० मार्च

झाकण उघडलं. आतली तार सुटलेली. आपोआप सुटली, की कुणी सोडवली? (हे जरा जास्तच होतंय, मान्य.) ती परत जोडायला डाग द्यायला गेले तर आतला सगळा भागच उचकटला. संपला विषय. नवीन घ्यायलाच हवं — पुढच्या महिन्यात नवा पूल सुरू होतोय आणि पुलाच्या तोंडाशी स्टेज टाकून आम्हाला वाजवायचंय. आमचा आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम.

१५ मार्च

दुकानात गेले. पेडल विकणारे मिठाईच्या दुकानात उभे असल्यासारखे का बोलतात? 'हे बघा, कसं गरम आहे. हे मऊ. याचा आवाज कसा दाट, सायीसारखा!' मी म्हटलं, तुम्ही वाजवू नका, मीच वाजवते. आणि त्या कपाटाएवढ्या स्पीकरवर नको, त्यावर पत्र्याचा डबाही छान वाजेल. तो कोपऱ्यातला लहान द्या. तोंड जरा पडलं दुकानदाराचं.

तीन वाजवली. नारिंगी — बाटलीत कोंडलेली माशी. नापास. हिरवं — छान! तार हळू छेडली तर हळू खरखरतं, जोरात मारली तर चिडतं. बोटं काय करतायत ते सगळं ऐकू येतं, म्हणजे चुकाही. आणि काळं. काळं म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. एक तार मारली की खोली भरून जाते, दुसरं काही शिरायला जागाच नाही. मजा आली, खोटं कशाला बोलू? दहा वर्षांपूर्वी मी डोळे झाकून उचललं असतं.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, 'ते बाजूलाच ठेवलंय तुमच्यासाठी. त्या बाई येऊन गेल्या ना — तुमच्याच चेहऱ्याच्या.'

कधी आली होती? 'झाले की काही आठवडे.' तेव्हा माझं पेडल ठणठणीत होतं!

आणि काय केलं म्हणे दुकानात? 'मला वाजवायला लावलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी गाते, ऐकू येतंय का सांगा. एकेक पेडल घेऊन बघितलं. काळ्यावर काहीच ऐकू येईना. तर म्हणाल्या, हेच!'

हसत हसत सांगत होता. मी काहीच न घेता निघाले.

गायिका स्वतः असं पेडल शोधतेय, की ज्यात तिचा आवाज बुडेल. का? घरी येईस्तोवर उत्तर मिळालं. पुलावर मी काळं वाजवणार, ताईचा एक शब्द कुणाला ऐकू येणार नाही, लोक ओरडणार 'गिटार कमी करा!' — आणि मग ताई हात चोळत म्हणणार, 'काय करू बारके, लोकांनाच नको आहे.' झालं. पद्धतशीर.

१६ मार्च

सराव. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांच्या कंपनीच्या गोदामात सुट्टीच्या दिवशी आम्ही वाजवतो. लोखंडी दोरांची भेंडोळी, मोडके दरवाजे, मध्ये भावोजींचा ड्रम. आज बसल्या बसल्या म्हणाले, 'सगळ्या गाण्यांची पट्टी अर्ध्या सुराने खाली घेऊ या. जड वाटेल, भारदस्त.'

मला जडच आवडतं. तारा सैल केल्या, वाजवलं, खूश झाले. परत येताना डोक्यात आलं — ड्रमवाल्याला पट्टीशी काय देणंघेणं? भावोजींना काळी एक आणि पांढरी दोन यातला फरक विचारला तर ते बुटांकडे बघतील. हे त्यांच्या तोंडी कुणी घातलं?

१७ मार्च

ताईचा निरोप मोबाइलवर. 'सराव लवकर. ये.' बस्स! पूर्वी फोन केला की भाजी कुठली केली इथपासून सुरू व्हायची. आता तीन शब्द. ज्याला काढून टाकायचंय त्याच्याशी माणूस असंच मोजून बोलतो.

२१ मार्च

ताईकडे अचानक गेले. मुद्दामच, न कळवता. स्वयंपाकघरात ताई आणि ती शिकवते त्या शाळेतल्या संगीताच्या बाई. टेबलावर लहान कीबोर्ड. आणि ताई — पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढत होती! चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणारी बाई, अंगणवाडीतल्या पोरासारखी! मला बघून संगीताच्या बाईंनी कीबोर्ड झटकन पिशवीत घातला. 'निघते हं,' म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा.

मी विचारलं, हे काय चाललंय? ताईने हाताने 'काही नाही' केलं आणि चहा टाकला. स्वतः मात्र कोमट पाणी प्यायली.

कीबोर्ड. म्हणजे माझ्या जागी कोण येणार तेही ठरलंय. गिटारच नको यांना, कीबोर्ड हवा. सौम्य. बाईंच्या चेहऱ्यासारखा.

२३ मार्च

पट्टी आणखी अर्ध्याने खाली! तारा आता इतक्या सैल की कपडे वाळत घालावेत. आणि ताई गातच नाही. नुसती पुटपुटते. 'घसा राखून ठेवतेय, पुलावर गाईन.' आमच्यासमोर गायलाही नको झालंय तिला.

सराव संपल्यावर खांबाला गाठलं. खांब म्हणजे आमचा बेसवाला — छापखान्यात यंत्र चालवतो, आणि वाजवताना पापणीसुद्धा हलवत नाही म्हणून हे नाव. तो खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही. म्हटलं, 'खांबा, खरं सांग. माझ्याबद्दल काय ठरलंय?'

'तुझ्याबद्दल?' त्याला खरंच आश्चर्य वाटल्यासारखं वाटलं. मग खाली बघून म्हणाला, 'काळं घेऊन टाक ना तू. ताई म्हणतेय तर.'

'का पण?'

त्याने बेसची पिशवी तीनदा उघडली, तीनदा बंद केली, आणि गेला.

म्हणजे त्यालाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी सोडून.

२४ मार्च

ऑफिसात एका दाव्यावर चुकून 'ताई' असं लिहिलं. खोडावं लागलं.

२९ मार्च

आज राहवलं नाही. ताईला जिन्यात गाठून विचारलं, 'मला काढायचंय ना तुम्हाला? मग तोंडावर सांगा. हे काळं नि हिरवं कशाला?'

ताई अगदी हळू म्हणाली, 'वेडी आहेस का तू?' तेवढंच. आणि जिना चढून गेली.

ओरडली नाही! ताई! लहानपणी मी तिची रिबीन घेतली तर तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. खोटा आरोप केला की माणूस ओरडतो. खरा असला की हळू बोलतो. रोज बघते मी हे.

मला रडू आलं, ते ती गेल्यावर. बँड गेला तर माझ्याकडे काय उरतं? चेपलेल्या बॉनेटचे फोटो. आणि बँडपेक्षा ताई. तिच्या मागे उभी राहून वाजवते तेवढा वेळच मला कुणाचा संशय येत नाही. हे कुणाला सांगायचं?

३० मार्च

घेतलं! हिरवं!!

दुकानदार म्हणाला, 'पण त्या बाईंनी—' म्हटलं, वाजवणारी मी आहे. तर लगेच फिरला, 'उत्तम निवड! यात गाणाऱ्याचा आवाज कसा स्वच्छ राहतो बघा, अक्षर न् अक्षर.' मला तेच हवंय. माझ्यामुळे गाणं बुडालं असं म्हणायला जागाच ठेवणार नाही. इतकी नीट वाजवीन, इतकी अदबीने, की मला काढायचं तर खरं कारण सांगावं लागेल. सगळ्या गावासमोर ताईचा श्वासही ऐकू येईल. बघू मग काय सबब काढतात.

६ एप्रिल

खोटं बोलले. सरावाला साध्याच आवाजात वाजवलं आणि म्हटलं, 'काळंच घेतलंय. आता दाखवत नाही. पुलावरच ऐका.'

ताईने मला मिठीच मारली! गच्च, बराच वेळ. भावोजींनी काठ्या खाली ठेवल्या आणि चष्मा पुसायला लागले. खांबसुद्धा हसला — खांब!

एका पेडलसाठी एवढा आनंद? कुणाला होतो? कधीच कुणाला होत नाही. मला सापळ्यात पाय टाकताना बघून जो होतो तो हा आनंद. तरी सांगते, त्या मिठीत क्षणभर वाटलं की खरं काय ते सांगून टाकावं. नाही सांगितलं. ती काही सांगत नाही, मग मी का सांगू?

११ एप्रिल

उद्या पूल. दुपारी स्टेजवर जाऊन आलो. खुर्च्या मांडतायत, रांगाच रांगा, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. आवाजाची चाचणी झाली. पेडलवर रुमाल टाकून ठेवला होता, फक्त साधी गिटार ऐकवली. स्टेजवाल्याने ताईला म्हटलं, 'तुम्ही एक ओळ गा ना.' तिने नकारार्थी मान हलवली, माइकवर बोटाने टकटक केलं आणि 'पुरे' अशी खूण केली. नखरे बघा!

शेवटचं गाणं तेच ठेवलंय, ज्यात शेवटी तिची ती उंच ओळ येते. लोक त्या ओळीसाठीच थांबतात. मीही. इतकी वर्षं ऐकूनही तिथे माझ्या अंगावर काटा येतो. उद्या मी तिथे हिरव्यावर अगदी हलका हात ठेवणार. ओळ तिची तिला मोकळी. यात मला कुणी नावं ठेवून दाखवावीत!

भावोजी निघताना म्हणाले, 'उद्या कसलाही विचार करू नकोस. नुसती जोरात वाजव. जेवढी येते तेवढी जोरात.' आणि पाठीवर थाप. मी म्हटलं, हो हो. मनात म्हटलं, वाटच बघा.

१३ एप्रिल

ताईच्या घशात गाठ आहे. हिवाळ्यापासून. ते बुडबुडे, तो कीबोर्ड — घशाचा व्यायाम. परवा ऑपरेशन. नंतर बोलता येईल. गाता येणार नाही.

पहिल्याच गाण्यात तिने चमकून माझ्या पायाकडे पाहिलं होतं. मी हसले. तरी गात राहिली, खालून खालून, सावरत. शेवटची ओळ आली आणि तिच्या तोंडून नुसती हवा आली. मी इतकी शहाण्यासारखी वाजवत होते की ती हवा शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कुणीतरी हसलं.

भावोजी गाडीत बोलले. 'तुला सांगू नका म्हणाली. म्हणाली, सांगितलं तर बारकी माझ्याकडे बघत बसेल, वाजवणार नाही. आणि मला तर तिच्या आवाजात लपून शेवटचं एकदा गायचंय.'

मागच्या सीटवर ताई माझा हात धरून बसली होती. तिला बोलायची बंदी आहे. बोलायचं मी होतं. घर आलं तरी मला एक शब्द सुचला नाही.