हळदीच्या भाकरींची टीम

३ मे, शनिवार. दुपारी
नातीनं, रुचिकानं, ही वही दिली. ती गावातल्या पोरींची कबड्डीची कोच हाय. काल तिच्या पोरी खारबावला फायनल जिंकल्या. मी चटई टाकून मैदानाशेजारीच बसलेली, सगळं ऐकलं. रुचिका म्हणते, पोरी जमवून टीम होत न्हाय, टीम बांधावी लागते. मी चौथी शिकलेली, पण समजलं.

आता मी बी बांधणार. नातवाची, प्रितमची, हळद चौदाला. दोनशे भाकरी लागतील, तांदळाच्या. आमच्या घरात हळदीला विकतची भाकर आजवर आली न्हाय. सून निशा म्हणते, आई, पडघ्याच्या केटररला सांगून टाकू, हल्ली कोण थापत बसतंय. म्हणलं, माझी टीम. निशा, शेजारची सोनल आणि मंगळी. मंगळीची भाकर अशी फुगते की बघत राहावं. कोच मी. किती सोपं हाय.

४ मे, रविवार
पहिला सराव. कबड्डीत कोपरेवाली कोपरा सोडत न्हाय. तसंच केलं. सोनल मळणार, मंगळी थापणार, निशा भाजणार. मंगळी म्हणाली, आजी, ज्या हातानं मळलं त्याच हातानं थापायचं असतं, दुसरीचं पीठ माझं ऐकत न्हाय. म्हणलं, पिठाला काय कान हायत? एकवीस भाकरी केल्या, एकोणीस चिरल्या. पीठ जुनं असणार. दोन चांगल्या झाल्या त्या मीच खाल्ल्या, तपासायला.

६ मे, मंगळवार
रुचिकाची शिट्टी मागून आणली. शिट्टीशिवाय कोचला कोण विचारतं. पहिली शिट्टी मारली तर सोनल आत पळाली, तिला वाटलं कुकर झाला. दुसरी मारली तर निशा पळाली. तव्यावरची भाकर जळली. तरी पळण्याचा वेग चांगला हाय, असं मी दोघींना सांगितलं. कौतुक करावं म्हणे कोचनं. निशानं कपाळाला हात लावला. उन्हानं असेल.

८ मे, गुरुवार. संध्याकाळी
रुचिकाचं ऐकून पहिल्या पानाच्या मागं लिहिलं होतं: टीम पडती असली की कोचनं दम द्यावा. आज दिला. सोनल मानकोलीच्या गोडाऊनमधून ड्युटी करून उशिरा आली. म्हणलं, तू आता राखीव. मंगळीला म्हणलं, तुझा हात जड झालाय, एवढं नाव हाय गावात आणि कडा बघ कशा. मंगळी उठली. परात धुतली, उचलली, घरी गेली. परात तिचीच होती.

रुचिकाला सांगितलं. तिनं ते पान वाचलं. म्हणाली, आजी, मी दम धरावा म्हणाले होते.

एका शब्दाचा तर फरक. तशी मी बी लहानपणी शब्द चुकवायची, गुरुजी छडी मारायचे, तरी आमचं काही वाईट झालं न्हाय.

१० मे, शनिवार
सरावाला कुणी न्हाय. पाट मांडले, पाणी तापवलं, परत थंड झालं. मग मंगळीच्या घरी गेले, माफी मागायला न्हाय, चौकशीला. दार बंद. आतून हसण्याचा आवाज. बाहेर निशाची चप्पल. जुनी झाली म्हणून मंगळीला दिली असेल. निशाचा हात देता हाय. धुराचा वास बी येत होता. हाक मारली तर हसणं थांबलं. टीव्ही असेल.

१२ मे, सोमवार
निशानं सांगितलं, आई, भाकरींची सोय झालीय, तुम्ही काळजी सोडा. केटरर, दुसरं काय. मी म्हणलं, बरं. कोचला हरता बी आलं पाहिजे. मग मोरीत जाऊन जरा रडले. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या. त्या तशा कशालाच चांगलं म्हणायच्या न्हायत, तेवढा आधार.

१४ मे, बुधवार. हळद
भाकरी आल्या, टोपल्यांत, फडक्याखाली गरम. मी प्रितमच्या मामांच्या पंगतीत मोठ्यानं सांगितलं, ही विकतची बरं का, खा कशीबशी. कडा जाड, चव न्हाय, आमच्या घरची अशी नसते. मामा चौथी घेत होते. मटण वाढणारी मंगळी थांबली. म्हणाली, आजी, कडा मुद्दाम जाड ठेवल्यात, रस्सा धरायला. तुमची वेगळी केलीय, पातळ, दातांना सोसेल अशी.

आणि पदराखालून काढून पानात ठेवली.

तिघींनी चार दिवस मंगळीच्या घरामागच्या अंगणात सराव केलेला. जिनं मळलं तिनंच थापलं. सोनलनं ड्युटी बदलून घेतली. दोनशे चाळीस झाल्या. सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. मी खाली बघून खाल्ली. चांगली होती.

१५ मे, गुरुवार. सकाळी
रविवारी नवरीकडची माणसं जेवायला येणार, परत भाकरी लागतील. मी निशाला विचारलं, मला घेता का टीममध्ये, कोच न्हाय, अशीच. निशा म्हणाली, आई, दोघींना विचारून सांगते.

ओट्यावर तिघी बसून बोलतायत. कधीच्या. मी तांदळाचं पीठ चाळून ठेवलंय. आता परत चाळते.