तापल्याशिवाय बोलत नाही

झरी, ता. ४ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. कावेरीस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. परभणी केंद्रावरून तुझं भाषण येत्या पंचवीस तारखेला संध्याकाळी लागणार, हे मायला वाचून दाखवलं. मुलींना शाळेत कसं टिकवावं यावर तू बोलणार, पण माय गावभर अशी सांगत फिरायलीय, जणू तिचंच भाषण आहे.

अडचण एकच. आपला मोठा रेडिओ मुका झालाय. दोष मी शोधला. आवाज वाढवणारा शेवटचा व्हॉल्व गेलाय, बाकी सगळं खणखणीत. तेवढा परभणीहून पाठव. नंबर नीट उतरून घे : ६ व्ही ६. काचेचा असतो, कापसात गुंडाळ. बन्सीधररावांवर सोपवू नकोस. जावई भला, पण घाईचा.

लोभ आहेच, तो असाच जपावा.
तुझा दादा,
सिताराम

परभणी, ता. १० नोव्हेंबर १९७३

ती. दादांस,
कावेरीचा सविनय जयभीम. वि. वि.

सोबतच्या पुडीत व्हॉल्व आहेत. शाळेत तपासणी चालू, मला फुरसत नव्हती, म्हणून शेवटी तुमची चिठ्ठी यांच्याच हातात दिली. तुम्ही एक मागितला होता ना? हे सहा घेऊन आले. वर म्हणतात, चिठ्ठीत मागं-पुढं दोन्हीकडं सहाच लिहिलंय. मला काही ते काचेचे दिसत नाहीत, पण रेडिओतलं मला काय कळतं!

दादा, एक विचारू? आता घरोघर ट्रान्झिस्टर झालेत. शेजारच्या कडूबाईंचा तर बैलगाडीतही वाजतो. तुमचा तो लाकडी राजा तापेपर्यंत माझं भाषण संपून जाईल. मायला कडूबाईंकडंच ऐकवा की. जिवाला एवढा त्रास कशाला?

मायला माझा जयभीम. धाकटीवरची माया उणी करू नका.
तुमची,
कावेरी

झरी, ता. १३ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. कावेरीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पुडी उघडली. आत सायकलच्या ट्यूबला लावायचे व्हॉल निघाले! रेडिओत आता हवा भरू का? बन्सीधररावांना सांग, गावातल्या सायकली त्यांचं नाव काढायल्यात.

आता ट्रान्झिस्टरचं. तू तेव्हा लहान होतीस. हा रेडिओ निजामाच्या काळात जहागीरदाराच्या ओसरीवर होता. लाईट नव्हती, बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की आपले आबा ती डोक्यावर घेऊन पायी परभणीला जायचे, भरून आणायचे. तेजाब सांडून सदऱ्याला खांद्यावर भोकं पडायची. त्या बॅटरीवर रेडिओ बोलायचा, पण आबा अन् मायनं तो ऐकायचा अंगणाच्या कडेला उभं राहून. शिवायचं नाही. पुढं तो बिघडला, भंगारात निघाला, तेव्हा मी उचलून आणला. कुण्या शाळेत न शिकता एकेक तार सोडवली, जोडली, अन् लाईटवर घेतला. या पंचक्रोशीत असा आवाज दुसऱ्या सेटचा नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

पण माय अजून त्याला हात लावत नाही. फळी पुसती ती रेडिओला वळसा घालून. आपलाच हाय म्हणून लाख सांगितलं. हो म्हणती अन् हात मागं घेती. म्हणून तुझा आवाज तिला यातूनच ऐकवायचाय. या खेपेला दुकानात स्वतः जा.

दादावर रुसू नये.
सिताराम

परभणी, ता. १८ नोव्हेंबर १९७३

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

स्वतः गेले. दुकानदार हसला, हे आता कोण नेतं म्हणाला, पण माळ्यावरून काढून दिला. काचेवरचा नंबर मी वाचला, मग यांनाही वाचायला लावला. बांगड्यांच्या डब्यात कापूस घालून, झरीकडं निघालेल्या भगवानराव गुरुजींच्या हाती पाठवते.

आबांच्या सदऱ्याची ती भोकं मला आठवतात. मी समजायचे, उंदरांनी कुरतडलाय.

तुमची,
कावेरी

झरी, ता. २६ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. कावेरीस,
दादाचा भरल्या मनानं जयभीम. वि. वि.

व्हॉल्व बरोबर बसला. काल मी दुपारपासूनच रेडिओ तापत ठेवला. घर माणसांनी भरलं. कडूबाईसुद्धा आपला ट्रान्झिस्टर घरी ठेवून आल्या. आधी तुझं नाव आलं, मग तुझा आवाज. असा भरदार, की भिंत बोलायलीय असं वाटावं. दुसऱ्या वाक्यात दम कमी पडला अन् हजेरी हा शब्द तू गिळलास, तेवढं सुधार. बाकी बिनचूक.

माय भिंतीशी बसली होती. तू बोलत असतानाच ती उठली, फळीपाशी गेली अन् लाकडावर हात ठेवला. मग मागं वळून म्हणाली, ऊन हाय की रे हा. मी सांगितलं, हे रेडिओ तापल्याशिवाय बोलत नाहीत. त्यावर म्हणाली, तुझ्या आबाला हे ठावंच न्हवतं बघ. लांबून काय कळतंय?

तुझं भाषण संपलं तरी तिनं रेडिओ बंद करू दिला नाही. पुढं कापसाचे भाव लागले. तेही तिनं हात न काढता शेवटपर्यंत ऐकले.

घरात सर्वांना जयभीम. लोभ वाढवायला आता जागा उरली नाही, तरी वाढवावा.
तुझा दादा,
सिताराम