उपरण्याखालचा सौदा

अण्णा, तुमच्या नातीनं दलालाशिवायचा बाजार काढलाय. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग विचारलं असतं, "मंग भांडनं कोन मिटवतं?" ती आणि तिचे काही मित्र क्रिप्टोची नाणी विकण्याघेण्याचा एक प्रोग्राम चालवतात. त्याला मालक नाही, पेढी नाही. ज्याला सौदा करायचा तो आपल्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालवतो, आणि असे कितीतरी कॉम्प्युटर एकमेकांशी बोलून बाजार भरवतात. त्यातल्या एकेकाला नोड म्हणतात. आता या नोडला त्यांना एक खिडकी ठेवायची आहे, म्हणजे बाहेरचा दुसरा प्रोग्राम तिथे येऊन भाव विचारेल, सौदा लावेल, मोडेल. या खिडकीला ते एपीआय म्हणतात. ती कशी उघडायची, हे साध्या मराठीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रात बाजारभावाचं पान लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून लेकीचा माझ्यावर विश्वास. आज संध्याकाळी सहाला तिचा प्रोग्राम आणि माझं लिखाण एकदमच बाहेर पडायचं होतं.

दुपारी गंगापूर रोडच्या घरात, निवडायची मेथी बाजूला सारून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. माझी पद्धत जुनीच आहे. आपण लिहिलेलं आपणच अडाणी होऊन करून बघायचं. भाड्यानं घेतलेल्या दूरच्या कॉम्प्युटरवर नोड सुरू केला, सेटिंगच्या फाइलमध्ये एपीआय चालू केला. खिडकी कुठून दिसावी, ही पुढची ओळ. तिथे लेकीनं चार शून्यं टाकायला सांगितली होती, म्हणजे ती कुठूनही दिसते. इथून भाव विचारला, तर समोर भाव हजर. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग एक खोडी सुचली. लेकीनं त्या नोडवर चाचणीसाठी एक सौदा लावून ठेवला होता, तो मोडायला सांगितला. मोडला! मी कोण, कुठली, काही न विचारता. पासवर्डची पायरी माझ्या लिखाणात सगळ्यात शेवटी होती, आणि तीही 'हवं असल्यास'.

लेकीला फोन लावला. "अगं आई, ते चाचणीचे आहेत, खोटे पैसे."

"वाचणाऱ्याचे खरे असतील."

"पण पासवर्ड आहे ना शेवटी?"

"शेवटपर्यंत कोण वाचतं? भाव दिसला की माणूस चहा टाकायला उठतो. मी तर टाळ्या वाजवत बसले होते."

बोलता बोलता मला घोटीचा गुरांचा बाजार दिसायला लागला. बैल उन्हात उभा आहे. कोणीही यावं, दात बघावेत, चालवून बघावं, नाक मुरडून पुढे जावं. पण किमतीची वेळ आली की तुम्ही खांद्यावरचं उपरणं हातावर टाकता, त्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून आकडा सांगता, आणि वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू. घरी चुलीपुढे बसून ती बोटं तुम्ही मला शिकवता आहात, आणि आई भाकरी थापता थापता म्हणते, "पोरीला हेडी करताय का काय?"

"करतो की. लय बेस दलाल व्हईल."

मी विचारते, लपवता कशाला? "लपवत नाय गं. बैल उघडाच हाय ना? बघाया समदा बाजार येऊ दे. पन उपरन्याखाली हात ज्याचा त्याचाच." एकदा एका हौशी माणसानं गंमत म्हणून मधेच हात घातला, तर तुम्ही त्याची बोटं सोडलीच नाहीत. "घेतलास बघ बैल! धर आता दोरी." सगळा बाजार हसला, तोही हसला, पण पुन्हा जवळ फिरकला नाही.

लेकीला म्हटलं, भाव बघणं सगळ्यांना खुलं ठेवा. सौदा लावणं, मोडणं पासवर्डाशिवाय होताच कामा नये. त्यासाठी प्रोग्रामच बदलावा लागणार होता. "आई, लोक सहाची वाट बघतायत. आणि तू सांगतेस थांबायला? तू? जन्मात कधी पान उशिरा सोडलं नाहीस म्हणतेस ना?"

"चुकीचा भाव छापला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता यायची. इथे नाणं गेलं की गेलं. माझं लिखाण आज देत नाही, जा."

"फार हट्टी आहेस," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मला वाटलं, रुसली. पण मित्रांना कळवून ती कामालाच बसली होती. सहा केव्हाच वाजून गेले. मघाशी तिचा निरोप आला, नवा सौदा लावलाय, आता मोडून बघ. बघितलं. भाव लगेच आला. सौदा मोडायला सांगितला, तर उत्तर आलं, परवानगी नाही. नकाराचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. मी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आता ती विचारते आहे, "आई, नव्या पायऱ्या लिहून झाल्या का? सगळे थांबलेत." शेवटचं पान चालू आहे, असं मी कळवलंय. अण्णा, अजून पहिलंही झालेलं नाही. मघापासून मी तुम्हालाच लिहीत बसले आहे.