चक्कीवरच्या चिंध्या

फुलचूर,
गुरुवार

प्रिय खुशालदादा,

कुशल विचारत नाही. रागात आहे आणि राग उतरायच्या आत लिहून टाकणार आहे. रविवारी तू घनश्यामला आपली पिठाची चक्की दाखवायला आणणार, त्याला ती भाड्यानं देणार, हे बाबांना सांगितलंस. मला काऊन नाही सांगितलं? अकरा वर्षं चक्की मी चालवून राहिली, तू नाही.

दामिनीला झेपत नाही म्हणालास म्हणे. बाप्पा! पितृपक्षात तू चार दिवस राहायला आलास, तोवर तर सगळं झेपत होतं. माझं डोकं कसं आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे. दूध आणायला निघायची आणि बोडीच्या पाण्यातली कमळं मोजत बसायची. मागल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, हे नाव दिलं, तेव्हा तू फोनवर हसलास. पण नाव मिळायच्या कितीतरी आधी मी माझी सोय करून घेतली होती, दादा. जे दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच, म्हणून सगळं डोळ्यांपुढे. गव्हाच्या डब्याला लाल चिंधी, तांदळाच्या डब्याला पांढरी, उपासाच्या डब्याला पिवळी. गळ्यात घंटीचं घड्याळ. दर दहा मिनिटांनी ते वाजायचं आणि मी पाहायची, हातातलं काम कोणतं होतं. बाया हसायच्या, मीही हसायची. पण अकरा वर्षांत एकीचंही दळण बिघडलं नाही.

तुला ते भिकाऱ्याचं दुकान वाटलं. मी प्रतापगडला मावशीकडे गेली, तेवढ्यात तू चिंध्या सोडून पोत्यात कोंबल्यास, डबे लोखंडी कपाटात ओळीनं लावून दार बंद केलंस, घड्याळ खणात टाकलंस आणि सगळं लिहून ठेवायला मला एक वही दिलीस. मीही मूर्ख! दादानं एवढी मेहनत केली म्हणून गप्प बसली. घटस्थापनेच्या सकाळी मंदाबाईंचे शिंगाडे आले. उपासाचं दळण असलं की आधी मूठभर शिंगाडे घालून चक्कीत अडकलेलं गव्हाचं पीठ बाहेर काढावं लागतं. पिवळी चिंधी समोर नव्हती. कोणीतरी हाक मारली, मी वळली, परत आली आणि सरळ दळलं. मंदाबाईंना घरी पुरीत गव्हाची चव कळली. चक्कीवर येऊन सहा बायांपुढे ओरडल्या, माहा उपास बुडवलास वं! मी हात जोडले. चूक माझीच, दळलं मीच. पण डोळे बांधलेस तू, आणि मी ठेचकाळल्यावर बाबांना फोन करून म्हणतोस, पाहा, मी सांगत नव्हतो?

त्याच दिवशी मी पोतं उपसलं आणि चिंध्या परत बांधल्या. एकादशीला मंदाबाई शिंगाडे घेऊन आल्या. पिवळी चिंधी त्यांनी घरूनच बांधून आणली होती, डोळेही वटारले. पण आल्या.

एवढं सगळं मी गिळलंही असतं. पण काल वहिनीचा फोन आला. रिंकूनं खोलीच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, दप्तर, डबा, पाण्याची बाटली, काही विसरू नये म्हणून. भिंत घाण दिसते म्हणून तू त्या ओरबाडून काढल्यास. मग तुझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं फोन घेऊन मला विचारलं, आत्या, मीही तुझ्यासारखी बिघडली आहे काय? माझ्यावर हसलास, चाललं. तिच्यावर हसू नको. त्या चिठ्ठ्या आजच्या आज तुझ्या हातानं परत चिकटव. आणि रविवारी घनश्यामला नको, रिंकूला घेऊन ये. चक्की मी तिला दाखवणार आहे. तू बाहेर खुर्चीवर बस आणि कशालाही हात लावू नको.

अजून रागातच, तरी तुझीच,
दामिनी