शिंपीणबाईंचे ओठ

सोमवार, ता. ४
आले बाई एकदाची नातीकडे. दोन खोल्या, खिडकीत ऊन, आणि जिना असा की वर पोचेपर्यंत कशाला आलो तेच विसरावं. मी सांगते, नात लिहिते. माझी आणि अक्षरांची ओळखच नाही. (हसू नकोस, हेही लिही.) खुनाच्या, भुताच्या गोष्टी सांगायच्या, साप्ताहिक पैसे देतं. माझ्या आत्याने नवऱ्याच्या नावाने असल्या गोष्टी छापल्या होत्या. बिंग फुटलं, तशी तिच्याकडे कोणी जाईना-येईना. आता मात्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, मी गोष्टी सांगते कळल्यावर, मला बसायला खुर्ची पुढे सरकवतात. माझा मुलगा अजून लाजतो, लोकांना सांगतो, आई गुडघे दाखवायला गेलीय.

शनिवार, ता. ९
लिहिता येत नाही, म्हणून पात्रं डोक्यात ठेवायला मला ओळखीचेच चेहरे लागतात. शिंपीणबाई तर मागेच लागल्या, आजी, गोष्टीत आम्हालाही मारा की एकदा. मारलं नाही, त्यांच्याच मशीनवर त्यांचे ओठ शिवले. दुसऱ्या गोष्टीत एका लिहिणाऱ्या पोरीची बोटं एकेक करून लाकडाची होतात. तिला नातीचा चेहरा दिला. समोर तीच बसलेली, दुसरा कुठून आणू? दोन्ही गोष्टी संपादकांकडे गेल्या.

गुरुवार, ता. १४
पहिली छापून आली. जिन्यात बायका विचारत होत्या, आमचा नंबर कधी. मी नको नको म्हणत होते, पण आतून फुलले होते. या वयात शोभतं का?

शुक्रवार, ता. १५
शिंपीणबाईंना बघून आले. ओठ मिटलेत. टाका नाही, दोरा नाही, पण उघडत नाहीत. डॉक्टरांनी नाकातून नळी घातलीय. नवरा सांगत होता, काल गोष्ट वाचून खो खो हसल्या, तेवढंच शेवटचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागही नव्हता डोळ्यांत. मला मान वर करवेना.
नातीने संपादकांना फोन केला, दुसरी गोष्ट थांबवा. ते म्हणाले, छपाईला गेली. आजीबाईंना सांगा, लाजू नका, लोक वाट बघतायत.

गुरुवार, ता. २१
आली छापून. सकाळी नातीची करंगळी वाकेना. टेबलावर आपटली तर टक्‌ वाजलं —
दुपारी मधली दोन बोटं. पेन कसंबसं धरलंय.
नात म्हणते, छापल्याने झालं ते छापल्यानेच सुटेल. तू सांग, मी लिहिते, हीच पानं संपादकांना पाठवू. पण हात पुरेल तो एकीच्याच सुटकेला. कुणाची लिहू, शिंपीणबाईंची की माझी?
मी म्हटलं, तू. आधी तुझी बोटं. त्या खाली नळीवर पडल्यात आणि मी तुझं नाव घेतलं. लाज वाटते गं, पण लिही. लिही, पोरीची बोटं मऊ झाली —
मान का हलवतेस? काय लिहितेयस? मला वाचता येत नाही, बयो, मला फसवू नकोस, तुझा अंगठा —
शिंपीणबाईंचे ओठ सुटले आणि त्या