चहाआधीची खूण

मंगळवार संध्याकाळ, खारघर

शेजारच्या जोसेफसरांनी आज चहाआधी क्रूसाची खूण केली नाही. विसरले असतील? बायकोच्या अंत्यविधीच्या दिवशीही विसरले नव्हते.

श्रद्धेवरच्या लेखासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. चर्चचा इतिहास शिकवण्यात हयात गेलेला माणूस. म्हणाले, "जुने धर्मगुरू म्हणत, श्रद्धेत टिकणं ही देवाची देणगी, मिळाली की नाही ते मरतानाच कळतं. पुढचे प्रोटेस्टंट सुधारक म्हणाले, देवाने निवडलेला ढळतच नाही."

"आणि ढळला तर?"

"तर तो निवडलेला नव्हताच, पंडित!"

आमच्या गीतेतल्या, साधनेतून ढळलेल्या योगभ्रष्टाला निदान पुढचा जन्म तरी मिळतो, असं मी चिडवलं. हसले नाहीत.

उद्या त्यांचं हृदयाचं ऑपरेशन. निघताना न राहवून म्हणालो, "सर, चहाआधीची खूण राहिली."

"राहिली नाही, सोडली. मुलीला सांगू नकोस. ती रात्रभर प्रार्थना करणार आहे."